दार बंद असलेलं पान

— नाही नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, इथे खिडकीपाशी बसा — आणि चित्रं मांडीवर घेऊ नका, वरच्याचा रंग ओला आहे अजून. थांबा, आधी कड्या लावते. वरची, खालची, मग साखळी. सवय आहे हो, दुसरं काही नाही. तुम्ही वर आलात तेव्हा जिन्यात मागे कुणी नव्हतं ना? नव्हतं. मग झालं. हं, काय म्हणत होता — पुस्तकाचा शेवट. शेवट बदला. फोनवरही तेच म्हणालात, मुलं घाबरतात, पालक कुरकुर करतात, शेवट जरा मऊ करा. मऊ! गोष्ट आहे का गादी? हसू नका, मी पण हसतेय, पण मला हसू येत नाहीये.

मूळ गोष्ट तरी ठाऊक आहे का तुम्हाला? मला आईनं सांगितली, आईला तिच्या आईनं. रानात एक बिनआवाज्या राहायचा. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. मग काय करायचा — माणसांच्या मागे मागे फिरायचा, कान देऊन ऐकत राहायचा, आणि कुणाचा तरी आवाज तोंडात धरून दारोदार जायचा. एका घरात एक मुलगी एकटी. आधी आला तो फेरीवाल्याच्या आवाजात — तिनं नाही उघडलं. मग शेजारणीच्या आवाजात — तरी नाही. मग आईच्या. 'बाळ, दार उघड गं, माझे हात भरलेत.' आणि पोरीनं उघडलं. संध्याकाळी खरी आई परतली, दारातून हाक मारली, तर आतून लेकीच्याच आवाजात उत्तर आलं, 'आले गं आई' — आणि आलं कुणीच नाही. संपली. आई इथे दिवा मालवायची आणि घोरायला लागायची, मी आपली डोळे टक्क उघडे ठेवून.

मी ती मुलगी उचलून बिल्डिंगमध्ये आणली. लिफ्ट दिली, दाराला बाहेर बघायचं भिंग दिलं, फेरीवाल्याच्या जागी पार्सलवाला घातला. आणि शेवट मीच बदललाय की, अजून काय बदलायचं? माझी मुलगी दार उघडतच नाही. तिसऱ्या हाकेलाही नाही. हा घ्या कागद — आमच्या भुंग्याला समोर बसवून काढलीय ती. भुंगा म्हणजे माझी लेक, सारखी गुणगुणते म्हणून भुंगा. ऐकू येतंय ना आतल्या खोलीतून? कात्री चालवतेय बहुतेक. पण तुम्हाला काय हवंय — तिनं दार उघडायचं, बिनआवाज्या बिचारा एकटा, त्याला मैत्रीण हवी, दोघं पायरीवर बसून बिस्किटं खातात. नाही हो जमत. तीनदा बसले काढायला. दाराला फट दिसली की माझा हात थांबतो.

रेघ? हो, रेघ सगळ्यांना आवडते. तुमच्या त्या जाहिरातीत छापलंत ना, 'थरथरती, जिवंत रेघ' — शैली नाहीये ती. ही बोटं बघा. ही दोन पूर्ण मिटत नाहीत. पडले नाही हो, पडणारी बाई तोंडावर पडते, नेमकी उजव्या हाताच्या बोटांवर कशी पडेल? टेबलाचा खण. हात आत असताना भुंग्याच्या बाबानं तो ढकलला, सावकाश, 'आता काढ चित्रं' म्हणाला — जाऊ दे. चहा टाकू का? नको? बरं.

नाही, सांगतेच, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच हट्ट करतेय. भुंग्याला घेऊन मी बाहेर पडले, वेगळी खोली घेतली, त्याला पत्ता दिला नाही. तो आला. खालून गोड हाका मारल्या, मी नाही उघडलं. त्याच्या बहिणीला पाठवलं, नाही उघडलं. मग एक दिवस दुपारी दारावर टकटक आणि आवाज — 'अगं मी आहे. उघड की, पाय दुखतायत माझे.' माझी आई. खरीखुरी आई हो! उघडलं मी. समोर आई आणि तिच्या मागे दोन पायऱ्या खाली तो, इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. आईला वाटलं, दोघं समोरासमोर बसली की मिटेल. तिच्या पायाला हात लावला होता त्यानं, रडला होता तिच्यापाशी. आईनं आमच्यासाठी चहा केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, भुंग्याला घेऊन बागेत गेली — आम्हाला निवांत बोलता यावं म्हणून. मग तो खण. जिनं मला गोष्ट सांगितली ना, तिच्याच आवाजात आला तो. आता ती फोन करते तेव्हा मी 'हॅलो' म्हणते आणि माझ्या अंगावर काटा येतो. आईच्या आवाजाला काटा! तिचा काय दोष? पण येतो.

म्हणून तर तुम्ही विचारलंत तसं — राक्षसाला दात का नाहीत, नखं का नाहीत, हा असा नीटनेटका भांग का — कारण दात असते तर कुणी उघडलं असतं का? बघा ना नीट, चित्रातला चेहरा बघा त्याचा. काय झालं? अशा का बघताय?

पाहिलाय? कुठे पाहिलाय?

खाली. आत्ता. जिन्यात नव्हतं म्हणालात ना तुम्ही — हां, जिन्यात नाही, फाटकापाशी. तुमची पिशवी धरली त्यानं. सभ्य वाटला. वाटणारच. मुलांच्या पुस्तकाचं काम करता का म्हणाला? मग तुम्ही काय — मजला सांगितलात? सांगितलात का? बोला ना! अहो, रडू नका, तुम्हाला काय माहीत, तुमची चूक नाही. जाहिरातीत माझं नाव छापू नका म्हणाले होते मी, तरी छापलंत, आणि खाली तुमचं नाव, तुमच्या ऑफिसचा पत्ता — तुमच्याच मागे आला असणार तो. फोन कुठे ठेवला मी? ब्रशांच्या खाली. थांबा. — हॅलो, हो, तोच माणूस, कोर्टानं लांब राहायला सांगितलेला, हो, इमारतीत आहे, लहान मुलगी आहे घरात, लवकर या. — येतायत. म्हणाले येतायत.

शू.

लिफ्टचं दार वाजलं. भिंगापाशी जाऊ नका, सावली दिसते बाहेर. खाली बसा, जमिनीवर. ऐका — बेलही वाजवत नाही, बोटांनी टकटक करतो, हळू. ऐकलंत किती मऊ बोलतो ते? 'बाबा आलाय, रंगपेटी आणलीय.' माझ्याशी नाही बोलत तो. तिच्याशी बोलतोय. आणि आत गुणगुण थांबलीय.

भुंग्या. तिथेच थांब, बाळा. कात्री खाली ठेव. हो, बाबाच आहे तो. खोटं नाही सांगत मी तुला, बाबाचाच आवाज आहे, त्याचा स्वतःचा. आठवण येते ना? येणारच गं. मला माहीतेय तो रडतोय. तो रडला तरी आपण उघडायचं नाही. साखळीला हात नको लावू, माझ्याकडे बघ — मी तुला धरणार नाही, ओढणार नाही. तूच ये. ये ना. हां... ये. माझी शहाणी. रड तू, माझ्या खांद्यात तोंड घालून रड.

आता लाथ मारली. बघा, दोनच मिनिटांत आवाज बदलला. दुसरी लाथ. कड्या पक्क्या आहेत, मी स्वतः बसवून घेतल्यात. थरथरू दे दार, थरथरू दे.

शेजारचं दार उघडलं वाटतं. कुणीतरी विचारतंय त्याला. आता परत गोड झाला, ऐका, 'काही नाही काका, घरगुती आहे.' पाय वाजतायत. जिना उतरतोय. उतरतोय ना? की नुसता एक वळण खाली जाऊन उभा राहिलाय? मला नाही कळत. तुम्हाला कळतंय का?

ते शेवटचं पान घ्या. असंच छापा. आतल्या बाजूनं दार, कड्या लावलेल्या, समोर पोर उभी. खाली एक अक्षर लिहू नका. आणि मुलं घाबरली तर घाबरू देत, मी उत्तर देईन पालकांना.

उठलात कशाला? जायचंय? पोलीस येतील, आणि ते आले तरी मी आधी खिडकीतून गाडी बघणार, मग नाव विचारणार, मग परत एकदा विचारणार. त्या आधी कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. नाही, तुम्ही पण नाही. हात काढा साखळीवरचा.

बसा खाली.