पिवळी मशीन

दुर्गेश: वापस आणली? काकाजी, काळी मशीन चांगली हाय. मी तुम्हाले किती डाव सांगितलं.

पुनाजी: चांगलीच हाय. मी कुठं खराब म्हनून राह्यलो? कपडा मारूनच आनली तिले.

(हिंगणघाटच्या बाजारातलं दुर्गेशचं दुकान. फवारणीचे पंप, टॉर्च, बॅटऱ्या, आणि कंपनीनं चालवून पाहायला दिलेल्या दोन मेटल डिटेक्टर मशीन, एक पिवळी, एक काळी. गिऱ्हाईक एकच, समुद्रपूरकडचे पुनाजी कुमरे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी उभे राहिले की त्यांचा एक हात आपोआप वरचा दांडा शोधतो. काउंटरवर दुर्गेशची बायको रुपा.)

दुर्गेश: मग आणली काऊन?

पुनाजी: मले पिवळी पाह्यजे.

दुर्गेश: पिवळी?

रुपा: घ्या. आता समजवा यांना.

दुर्गेश: तू थांब. काकाजी, बसा आधी. तीन वाजता कंपनीची गाडी येते. दोनातली एक कंपनीच्या माणसाले वापस द्याची, एक तुमची. गाडी गेल्यावर बदलून दे म्हणान तं माह्या हातात काही राहणार नाही. तो माणूस पुन्हा इकडे फिरकत नसते. हिंगणघाटात हे मशीन मागणारा तुमच्याशिवाय दुसरा कोणी भेटला नाही त्याले.

पुनाजी: म्हून तं बाराच्या गाडीनं आलो. पिवळी बांधून दे.

दुर्गेश: असं कसं बांधून देऊ? मागच्या इतवारी पिवळी नेली तुम्ही पुलाखाली. काय भेटलं?

पुनाजी: काईच नाई.

दुर्गेश: अन् काल काळी नेली. काय भेटलं?

पुनाजी: नऊ नाणे. अन् बैलाची एक नाल.

रुपा: नऊ? दाखवा ना.

पुनाजी: नाईत आता. येताना गाडीतून नदीत टाकून देल्ले.

रुपा: अय्यो. दिवसभर उन्हात शोधले अन् परत टाकले?

पुनाजी: ते काई माह्ये होते काय, पोरी? लोकायनं हात जोडून टाकले होते.

दुर्गेश: मग शोधता कायले?

पुनाजी: तेच तं तुले चार हप्त्यापासून सांगून राह्यलो. तीस वर्स त्या पुलावरून गाडी नेली मी. तिकीट मागितलं का, सुट्टे नाईत मास्तर. अख्खी गाडी गरीब. अन् पूल आला का जो तो खिशात हात घाले, खिडकीतून वणा नदीत नाणं टाके. मी म्हनो, तिकीट नदीनं फाडलं काय तुमचं? हासत लोकं. माही बायको सुंदरा, तेबी तशीच. पासवर फुकट बसे, अन् नदीले रुपया दे. तवा मनात होतं, रिटायर झालो का एक डाव खाली उतरून पाहीन, माह्ये सुट्टे गेले कुठं ते.

दुर्गेश: अन् काळीनं दाखवले ना? नऊच काऊन म्हणा. मले वाटलं पंचवीस-तीस तरी निंगतीन.

पुनाजी: पयले दोन घंटे बटन चुकलं. तू म्हटलं होतं, लोखंड बंद करा, खिळे वाजनार नाईत. केलं बंद. काई वाजेच ना. म्हटलं, तीस वर्स लोकायनं टाकलं तरी काय मंग? शेवटी खिशातला रुपया खाली ठेवला, त्याच्यावरून फिरवली. तरी चूप.

दुर्गेश: अहो, आताचा रुपया स्टीलचा असते. लोखंड बंद केलं तं तोही बंद होते.

पुनाजी: समजलं मंग. बटन फिरवलं तं तोच रुपया वाजला.

रुपा: बरं डोकं चाललं काकाजी तुमचं. ह्यांना तरी सुचलं नसतं.

दुर्गेश: मले कायले सुचत नाही? पाहा, आता बटन समजलं, पुढच्या डावाले याच्या दुप्पट भेटन. काकाजी, नवीन माणसानं पयली मशीन घेताना एकच गोष्ट पाहाची. आपली काळी माती, त्यात ते जड जड गोटे. पिवळी त्या मातीलेच धातू समजते. काळी मातीशी आधी जुळवून घेते, मग खाली खरंच काही असन तरच वाजते. दामात फार फरक नाही. मी घेतली असती तं डोळे मिटून काळी घेतली असती.

पुनाजी: पिवळी तं चालू केली तवापासून बोंबलत होती. पाय उचलला का पीं, ठेवला का पीं.

दुर्गेश: मग? तुम्हीच सांगता.

पुनाजी: पयल्याच घंट्यात ढोरकी आला.

दुर्गेश: कोण?

पुनाजी: ढोरं चारनारा. तानबा नाव त्याचं. आवाज आयकून नदी उतरून आला. काय निंगालं काकाजी? म्हटलं, अजून काई नाई. तो म्हने सरका, मी खांदतो. खांदलं हातभर. गोटा निंगाला. मंग त्यानं अजून दोन जागा खांदल्या. दोन्हीत गोटे. त्याच्या ढोरायनं तवरोक कोनाच्या तरी वांग्यात तोंड घातलं, तो मालक शिव्या देत आला, अन् मशीन पाहून तोबी बसला.

रुपा: आणि मग?

पुनाजी: मंग धुन्याच्या बाया. एकीची नथनी चार वर्सापयले तिथं पडली होती, ते म्हने माह्या जागेवर फिरवा. फिरवली. वाजली. पुन्हा गोटा. हासून हासून बायायच्या डोयात पानी. एकीनं भाकर देल्ली, मिरचीचा ठेचा. एक म्हातारा आला, बापूराव. तो म्हने माह्या आजानं या काठाले पैशाचं गाडगं पुरलं.

दुर्गेश: त्या गाडग्याच्या नादी लागू नका हो. जुनं धन निंगालं तं तहसीलले सांगा लागते, नाही तं पोलीस दारात.

पुनाजी: गाडगं काई नाई निंगत बावा. त्यालेबी माहीत होतं. दोन घंटे सांगत बसला पन, आजा कसा होता, त्याचा घोडा कसा होता. सांजलोक अकरा जन बोलले माह्याशी. मोजले मी. सीटा मोजाची सवय हाय, जात नाई.

रुपा: आणि काल? काळी नेली तेव्हा?

पुनाजी: काल कोनी नाई.

दुर्गेश: कोणीच नाही? इतवार होता काल.

पुनाजी: होते सारे. तानबा त्या काठाले होता. कानाले ते लावलेलं माह्या, हेडफोन. त्यानं दुरून हात केला. त्याले वाटलं म्हातारा फोनवर बोलून राह्यला. गेला ढोरं घेऊन.

दुर्गेश: हात्तिच्या. एवढंच ना? हेडफोन काढून टाका. काळीलेही स्पीकर हाय, हे पाहा, इथं बाजूले.

पुनाजी: काढला होता दुपारून. माह्या रुपयावर वाजली ते सोडून दिवसभरात दहा डाव वाजली. नऊ नाणे, एक नाल. दहा डाव वाजल्यानं कोन येते पाह्याले? शहानी मशीन हाय. काम असन तरच बोलते. आमच्या रोशनवानी.

रुपा: रोशन म्हणजे तुमचा मुलगा ना? हैदराबादचा?

पुनाजी: हो. चांगला हाय पोरगा. फोन करते, गॅस संपला काय, गोळ्या हायेत काय. हाय म्हटलं का ठेवते. त्याचं काई चुकत नाई. माह्याजवळबी सांगासारखं काय असते?

दुर्गेश: नऊ नाणे भेटले सांगाचं होतं त्याले.

पुनाजी: सांगितलं. म्हने, बाबा, उन्हात फिरू नका.

रुपा: आणि तुम्ही काय केलं मग?

पुनाजी: काई नाई. नाणे धुतले. ओट्यावर रांगेनं मांडले, रस्त्यानं जाईन त्याले दिसतीन असे. दिवा लागलोक बसलो. लोकं गेले-आले, ज्याच्या त्याच्या कामात. एक कुत्रं येऊन वास घेऊन गेलं. सुंदरा असती तं गोंडीत चार शिव्या देल्ल्या असत्या, नदीचं घरात काऊन आनलं म्हून. माह्या घरात गोंडी बोलनारी तेच एक होती. रोशनले समजते, बोलता येत नाई. तीन वर्स झाले, मी त्या बोलीत कोनाशी बोललो नाई. काल एकटाच बोललो. नाण्यायशी.

रुपा: चहा ठेवते मी. काकाजी, तुम्ही इथे येत जा ना. हे असतात, मी असते.

पुनाजी: येतोच ना. चार सोमवार झाले. दुर्गेश इचारते, ठरलं काय काकाजी? मी म्हनतो, पुढच्या हप्त्यात पाहू. कायले लांबवत होतो म्हनतं तू? आज मशीन घेतली का हेबी संपलं.

दुर्गेश: संपलं कायचं? तसंच येत जा.

पुनाजी: तसंच कोनी कोनाकडे येते काय, बावा? दुकानात गिऱ्हाईक येते. मी तीस वर्स दारात उभा राहून पाह्यलं, माणूस कामाशिवाय गाडीत चढत नाई.

रुपा: देऊन टाका हो पिवळी.

दुर्गेश: तुले काय जाते सांगाले? मी दुकानदार हाय. जाणूनबुजून खराब माल देऊ काय या माणसाले? सहा महिन्यानं नाणं शोधाची हौस आली तं मग? तेव्हा मलेच म्हणतीन, दुर्गेश, तू सांगितलं काऊन नाही.

पुनाजी: नाई म्हननार.

दुर्गेश: आता तसंच वाटते. काकाजी, एक काम करू. काळी घ्या, अन् इतवारी मी येतो तुमच्यासंग नदीवर.

पुनाजी: येशीन?

दुर्गेश: येईन ना. हा इतवार तं नाही जमणार, लग्न हाय. त्याच्या पुढचाही... नाही, पेरणीच्या आधी पंपाची गर्दी असते. पाहू आपण. येईन पण एखाद्या दिवशी.

पुनाजी: हो. रोशनबी येनार हाय एखाद्या दिवशी.

रुपा: बोला आता.

दुर्गेश: काय बोलू? हे पाहा काकाजी, शेवटचं सांगतो. त्या पिवळीनं तुम्हाले जिंदगीत एक नाणं भेटणार नाही.

पुनाजी: माहीत हाय.

दुर्गेश: काही नसताना वाजन ते. सकाळपासून सांजलोक.

पुनाजी: वाजू दे.

दुर्गेश: माह्या दुकानाचं काय पण? उभ्या नदीत बोंबलत फिरान तुम्ही. या काठाचे लोकं येतीन, त्या काठाचे येतीन. जो तो थांबून इचारन, काय निंगालं, कोठून घेतली, कोणं गळ्यात मारली ही मशीन तुमच्या. एक दिवस नाही, रोज इचारतीन.

पुनाजी: रोज इचारतीन म्हनतं?