साहेबांच्या शंभर रेघा

चहा घ्या, पण आमच्या बड्या साहेबांचं ऐकून मगच बिस्किटाला हात लावा.

मी चौथी पास. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी नवशिक्यांना चित्रकला शिकवतो. नियम एकच. शंभर रेघा हाताने सरळ आल्याशिवाय चित्र नाही.

बडे साहेबही शिकायला येऊ लागले, पण त्यांच्या रेघा तीन रविवार वाकड्याच.

"काका, गणपती कधी काढायचा?"

"रेघ सुधारली की."

चौथ्या रविवारी त्यांनी शंभर रेघा आणल्या, एकजात सरळ. मी कागद खिडकीपाशी धरला.

"साहेब, तुम्ही डावखुरे. या रेघांचा जोर उजव्या हाताचा आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "आठवडाभर मीटिंगा होत्या, काका. ड्रायव्हरला सांगितलं. पण खाली सही माझीच आहे!"

मी खिडकीतून ओरडलो, "ड्रायव्हरसाब, ऊपर आइए!"

आता ड्रायव्हर रामफल गणपती काढतो. साहेब शेजारी बसून रेघाच मारतात आणि त्या तपासायचं काम मी रामफललाच दिलंय. परवा त्याने साहेबांचा कागद परत केला. वर लिहिलं होतं, "साब, दोबारा कीजिए."

खाली रामफलची सही.