मामांनी पोहे नाकारले

आमच्या शिराळ्याच्या मामांचं ऐका. वजन लय वाढलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "पोहे, साखर यांनी रक्तातली साखर झटकन चढते. भाकरी, मटकी खा, ती सावकाश पचते."

त्यातच मामा-मामींबरोबर आम्ही त्यांच्या संदीपसाठी खंडाळ्याला मुलगी बघायला गेलो. मुलीनं पोहे आणले, तर मामांनी बशी बाजूला सारली. चहालाही नको म्हणाले. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला.

"पाव्हणं, मुलगी पसंत न्हाई व्हय?"

"आवं, तसं न्हाई! वजन उतरवायला डाक्टरनं पोहे, साखर बंद केलंय. भाकरी-मटकी खा म्हणालाय."

मुलगी गुपचूप आत गेली आणि भाकरी नि मटकीची उसळ घेऊन आली. मामा मनापासून जेवले. मग दुसरी भाकरी मागितली.

"काका, एकच," ती म्हणाली. "वजन उतरवायचंय न्हवं?"

मामांनी पुढं केलेलं ताट मागं ओढलं.

तेवढ्यात मामी म्हणाल्या, "मला मुलगी पसंत हाय. माझं ह्यांनी कवा ऐकलंच न्हाई."

मामांना हसू फुटलं. "मग तारीख काढा की!"

संदीपला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.