माहूत पायी चालतो

(थायलंड, सुरिन प्रांत. कुई माहुतांच्या एका गावातलं अंगण. फाटकाशी हत्ती न्यायचा ट्रक उभा आहे.)

थोंगसुक : या कोंबडीच्याही जबड्याचं हाड मागंच वळलंय. बुआलाई, तिसरी कोंबडी धर.

बुआलाई : मी नाही धरणार. आज पौर्णिमेचं शील घेतलंय मी, मुंगीसुद्धा मारायची नाही. आणि अहो, दोन्ही हाडं मागं वळली, म्हणजे पूर्वज दोनदा ‘जाऊ नका’ म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलंत तर त्यांना वाटेल, आपल्या वंशात बहिरे जन्मले.

थोंगसुक : पूर्वज कुठं म्हणाले? ही कोंबडी म्हातारी होती. म्हाताऱ्या कोंबडीचं हाड वळतंच.

आरुनी : आणि पहिली कोवळी होती, तेव्हा म्हणालात, हाड अजून पक्कं झालेलं नाही. आजोबा, तुम्हाला नक्की किती वर्षांची कोंबडी हवी?

थोंगसुक : तू नात आहेस, नातीसारखी राहा. हत्ती धरायच्या दोरात पूर्वज राहतात, त्याच्या देवघरापुढं बायकांनी बोलायचं नसतं.

आरुनी : मी पायरीच्या बाहेर उभी आहे. त्या ट्रकवाल्याला उठवू का? दोन्ही कोंबड्या खाऊन चाकाच्या सावलीत घोरतोय.

थोंगसुक : घोरू दे. पूर्वजांचा होकार मिळाल्याशिवाय आपली हत्तीण, बुनमा, गाडीत चढायची नाही.

बुआलाई : मग जन्मभर घोरावं लागेल बिचाऱ्याला.

थोंगसुक : मला काय हौस आहे? दिवसाला दोनशे किलो चारा लागतो हत्तिणीला. नदीकाठी गवताची काडी उरली नाही. समुद्राकाठच्या पर्यटकांच्या छावणीत ऊस आहे, अननसाची पानं आहेत. दोनच वर्षांचा करार.

बुआलाई : आणि पाठीवर लाकडी बाक. बाकावर दोन-दोन धष्टपुष्ट पाहुणे. मागच्या खेपेला अकरा महिन्यांनी परत आलात, तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला तर हाताला खड्डा लागला. बावन्न वर्षांची आहे हो ती. या वयात मला कुणी म्हणालं, व्याही-विहीण पाठुंगळी घे आणि टेकडी चढ, तर?

थोंगसुक : मी नाही बसत तिच्यावर? रोज बसतो. तिनं कधी तक्रार केली?

बुआलाई : तुम्ही मानेवर बसता. मान भक्कम असते. आणि तुमचं वजन ते काय, अर्धं पोतं भात. मान वेगळी, पाठ वेगळी, हे तुम्हीच मला लग्नाच्या वर्षी शिकवलंत. तेव्हा तुम्ही हत्तींविषयी बोलायचात, करारांविषयी नाही.

आरुनी : म्हणूनच म्हणते, माझी सहा माणसं येऊ द्या. डेन्मार्कची आहेत. महिनाभर राहतील, गवत लावतील, कापतील, बुनमाला भरवतील, शेण उचलतील.

थोंगसुक : शेण उचलायचे किती मागतात?

आरुनी : मागत नाहीत, देतात.

थोंगसुक : शेण उचलायला मिळावं म्हणून?

आरुनी : आणि जाताना आभार मानतात.

थोंगसुक : त्यांच्या देशात शेण नसतं?

बुआलाई : पुण्य जोडतात हो. कुणी देवळात सोन्याचा वर्ख लावतं, कुणी शेण उचलतं.

थोंगसुक : मग त्या पुण्यवानांची अट सांग की आजीला! रात्री मला सांगितलीस तशी.

आरुनी : बुनमावर कुणीच बसायचं नाही.

बुआलाई : चांगलीच आहे की.

थोंगसुक : कुणीच म्हणजे मीसुद्धा!

बुआलाई : अस्सं! म्हणून दोन कोंबड्या मेल्या होय.

थोंगसुक : हसू नकोस. हत्तीच्या शेजारून पायी चालणारा कुई दिसला की गाव विचारतं, कुणाला विकला रे? सात वर्षांचा होतो, तेव्हा बापानं मला हिच्या आईच्या मानेवर बसवलं. तिथं बसलो की मी थोंगसुक माहूत. खाली उतरलो की एक बुटका म्हातारा.

बुआलाई : मग जा. मी अडवत नाही. फक्त माझं व्रत मी पाळीन. माणूस दोर घेऊन हत्तीबरोबर गावाबाहेर गेला की बायकोनं केस विंचरायचे नाहीत, घर झाडायचं नाही, पाहुणा घरात घ्यायचा नाही.

थोंगसुक : अगं, ती रीत रानात हत्ती धरायला जायचे तेव्हाची! पंधरा दिवसांची!

बुआलाई : दोर तोच आहे. तो घरी येईपर्यंत व्रत. दोन वर्षं तर दोन वर्षं.

आरुनी : मागच्या खेपेला केसांची जट झाली, शेवटी भिक्षुणीसारखं मुंडन करावं लागलं. आणि ओसरीवरच्या केरात भोपळा उगवला.

बुआलाई : गोड निघाला.

थोंगसुक : आणि माझी बहीण? दर महिन्याला येऊन डोकं खाते ती?

बुआलाई : पायरीवरून परत.

थोंगसुक : दोन वर्षं?... पण मी तर तिकडं असणार! म्हणजे सुख सगळं तुलाच.

बुआलाई : बरं, एक विचारते. देवघरापुढं उभे आहात, खरं सांगा. छावणीत तुम्ही मानेवर, मागं बाकावर ते दोघं. तिची पाठ दुखली तर तुम्हाला कळायचं?

थोंगसुक : मानेवरून पाठ दिसत नाही.

बुआलाई : बरं.

थोंगसुक : कान दिसतात.

बुआलाई : काय म्हणायचे कान?

थोंगसुक : सकाळी हलायचे. दुपारनंतर... हलायचेच नाहीत.

आरुनी : अकरा महिने, आजोबा?

थोंगसुक : दुखणं नाही, वारा पडलाय, असं मी मनाला सांगायचो.

बुआलाई : समुद्राकाठी?

थोंगसुक : ...आरुनी, त्या माणसाला उठव. म्हणावं, पूर्वज नाही म्हणतात. वाटेसाठी चिकट भात बांधून दे त्याला. बुनमाला घेऊन मी नदीवर जातो.

आरुनी : कसे जाता?

थोंगसुक : कसा म्हणजे? ...पायी. हसायचं असेल तर आताच हसून घ्या दोघी, फाटकाबाहेर नको.

आरुनी : आजोबा, थांबा. बघा, तिनं पाय वाकवून धरलाय. तुम्ही चढाल म्हणून.

थोंगसुक : सवय आहे तिला. ठेवील खाली.

आरुनी : नाही ठेवत. वाट बघतेय.

थोंगसुक : बुआलाई, तू सांग ना तिला.

बुआलाई : तुम्हीच सांगा. या घरात तुमचं ऐकणारी ती एकटीच आहे.

थोंगसुक : ठेव गं माझी बाई, पाय खाली ठेव. मी आहे इथं, तुझ्या कानापाशी.