पाण्यातल्या हाका

ऐका रं पोरांनो, जरा सरकून बसा. गोष्ट आपल्याच वस्तीची हाय, तवा हसायचं न्हाई.

आपला बयाजी. धरणात गाव बुडालं आन् आपल्याला हितं माळावर आणून टाकलं. त्याची भावकी गेली एकीकडं, सोयरे गेले भलतीकडं. शेजार समदा अनोळखी. चिखलात भात लावणारा गडी त्यो, हितल्या मुरमात काय लावणार? नुसता बसून ऱ्हायचा. जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. लोक म्हणायची, आळशी झालाय. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

एक दिस तिन्हीसांजेला उठला आन् जुन्या गावच्या वाटेला लागला. ती वाट आता जाती कुठं? सरळ पाण्यात.

काठावर पोचला तवा अंधार गुडूप. बघतो तर पाण्याखाली दिवे. बरं का, आपल्याच गावचे दिवे. बयाजी पाण्यात उतरला. मग घुंगरं वाजली, त्याच्या खोंडाची. गुडघ्याला पाणी लागलं. मग हाका सुरू झाल्या. 'बयाजी, ये रं.' चुलत्याचा आवाज. 'बयाजी, कुटं व्हतास इतकं दिस?' दोस्ताचा आवाज. कमरेपातूर पाणी आलं आन् मेलेल्या आईनं हाक मारली, 'बयाजी, भाकर निवती रं बाळा.' आता सांगा, कोण थांबंल?

त्याची बायको सगुणा मागनं धावत आली. काठावरनं वरडली, 'अवं, ऐकलं का! मागं फिरा!' बयाजी थबकला. तेवढ्यात पाण्यातनं सगुणाचाच आवाज आला, 'बयाजी, मी हितं हाय. ये.'

तिथंच ते पाण्यातलं फसलं. सगुणानं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं न्हाई. बयाजीच्या ध्यानात आलं. वळला, तवा सगुणा छातीभर पाण्यात शिरून त्याची बंडी धरत व्हती. वढत काढला तिनं.

भगत म्हणाला, चकवा. तालुक्याचा डाक्टर म्हणाला, मनाला दुखणं झालंय, गोळ्या घ्या, माणसांत बसवा. आता घेतो गोळ्या. कधी बोलतो, कधी न्हाई.

मी सगुणाला इचारलं, "तुला गं काय ऐकू आलं का?"

"आलं की," म्हणाली. "माझी आई बोलवत व्हती."

"मग तू कशी थांबलीस?"

"ह्यास्नी वढायचं व्हतं, मावशे. मला जायला सवड कुटं व्हती?"

म्हणून सांगते, त्या वाटेला जाऊ नका. हाका समद्यास्नी येत्यात. मलाबी येत्यात. कुणाला लईच जवळनं आली, तर एकट्यानं उठू नका. आधी माझं दार वाजवा.