भरलेली गादी

— अन् बसस्टँडावरच्या हॉटेलात चहा पेता पेता पोरीचं नशीब ठरवायचं असते काय, भगवानराव? बसा आदी. त्या खाटेवर बसा, ढेकणं नाहीत, कालच उन्हात टाकली होती. साखरखेर्ड्याची मोटर दोनले सुटते, अजून बारा नाही वाजले. — हाव, नाव माहीत आहे ना तुमचं. पत्रावर होतं. शेजारचं टपाल पोस्टमन माझ्याजवळच देते, शेषरावची माय रुखमाबाई दम्यानं खाटेवर, तिले दारापर्यंत येववत नाही. पाकिटाचा डिंक सुटलेलाच होता, मी काही उघडलं नाही. तुमची पोरगी अन्नपूर्णा, सातवी पास, शिवणकाम येते — आता उघडंच होतं म्हणून तेवढं दिसलं.

मोठ्यानं बोलते म्हणून रागावू नका. कुडापलीकडं घरघर ऐकू येते ना, तोच शेषराव, गाडी चमकवून राह्यला. नागपुरात चार वर्षं गॅरेजात शिकून आला पोट्टा. अख्ख्या बुलढाण्यात असं यंत्र दुसऱ्या कोणाजवळ नाही — पुढं भाकरीएवढी गोल स्पंजाची गादी, ती गरगर फिरते अन् गाडीच्या रंगात तोंड दिसाले लागते. मी पाह्यलं ना माझं. कुडाले एक भोक आहे, मांजरीनं पाडलं.

हॉटेलवाल्यानं काय सांगितलं, मी सांगू? नारायणराव वकिलाच्या काळ्या गाडीची वाट लावली शेषरावनं, ऐन पोरीच्या लग्नात. हेच ना? अन् तुमी ऐकलं अन् मोटरकडं निघाले, पोराच्या दारात पाय न टाकता. मी पानाच्या दुकानाशी होते म्हणून तुमाले गाठून अठी आणलं, नाही तर तुमी साखरखेर्ड्याले जाऊन सांगितलं असतं, पोराच्या हाताले गुण नाही. दोन स्थळं अशीच वापस गेली. एक मोताळ्याचं, एक हिवरा आश्रमाकडचं. तिसरंही गेलं तर रुखमाबाई काही डोळ्यानं सून पाहात नाही, सांगून ठेवते.

थांबलं पाहा यंत्र. आता गादी भरत असंल. — भरणं म्हणजे? मलेही नव्हतं माहीत. कोरी गादी रंगाले लावाचीच नसते. आदी ते पालिशचं पांढरं मलम बोटानं चोळून चोळून तिच्या भोकाभोकात भराचं, एक भोक कोरडं ठेवाचं नाही. मग एका जुन्या पत्र्यावर दोन फेरे फिरवून पाहाची, अन् मग गाडी. नव्या तव्याले तेल पाजल्याबिगर धिरडं सुटते काय? तसंच ते. अर्धा अर्धा तास भरत बसते, जसं काही लेकराच्या टाळूले तेल घालून राह्यला. असा पोरगा बायकोवर हात उगारंल काय, तुमीच सांगा. — हे पाहा, झालं सुरू.

तर लग्नाच्या आदल्या रोजी त्यानं अशीच गादी भरली. मलम सरलं होतं, डब्याचं बूडही पुसून घेतलं, गादी धोतराच्या फडक्यात बांधून उंबऱ्याशी ठेवली अन् गेला आईची औषधं आणाले. सकाळी वऱ्हाडाची घाई, वकील डोक्यावर उभा, घड्याळ दाखवून राह्यला. शेषरावनं फडकं सोडलं, बोट लावलं, ओली लागली, म्हणजे भरलेलीच — पत्र्यावर पाहाले वेळ कुठं? बसवली अन् फिरवली. बानेटवर चकल्याच चकल्या, भगवानराव. काळ्या रंगावर पांढऱ्या चकल्या, वीतभर एकेक. नवरदेव त्याच गाडीत बसून आला, लोकं नवरदेव सोडून बानेट पाहून राह्यले. वकील चार माणसांत बोलला, तुले गाडी नाही, म्हैस धुवाले द्यावं. अन् शेषराव काय म्हणाला? माझीच चूक. बस्स. मग तीन रविवार वकिलाच्या अंगणात उकिडवा बसून हातानं घासून एक एक चकली काढली. ते नाही सांगत कोणी हॉटेलात.

नाही हो, गुण आहे त्याच्या हाताले. त्याची चूकच नव्हती ती. — मग कोणाची म्हणजे? आता… कोणाची असती. गादीचीच. — भरलेली होती, हाव, मीच म्हटलं. — असं पाहू नका माझ्याकडं. त्या घरचे कपडे मीच धुते, रुखमाबाई पडल्यापासून. उंबऱ्यावर गाठोडं दिसलं, सोडलं, तर आत हे चिकट, पांढरं, मळकं. मले वाटलं, पोट्ट्याले लग्नघरी जायचं, अन् अवजार हे असं. दोन पाण्यानं धुतलं. सोडा टाकला. दगडावर चार वेळा आपटलं, दगड जरा झिजला आहे, त्याची रेती निघते — ते मले काय ठाऊक, बारीक बारीक भोकात जाऊन बसते म्हणून. सांजेपर्यंत वाळलं नाही, तसंच ओलं फडक्यात बांधलं अन् जिथल्या तिथं ठेवलं. या गल्लीत माझ्यासारखे कपडे कोणाचे निघत नाहीत, विचारा कोणाले बी.

दीड वर्ष झालं. सांगणार होते. पहिल्या रविवारी सांगणार होते. मग वाटलं, दुसऱ्या रविवारी सांगू. वकिलीणबाई अन् मी एकाच भजनात बसतो, अन् शेषराव रोज येते, काकू चहा द्या म्हणते, त्या तोंडाले काय सांगू? तुमी मात्र त्याले बोलू नका. मी मेल्यावर सांगा. पोरगी द्या त्याले, अन् हे अठीच ठेवा, या खाटेवर —

कुडाकडं काय पाहून राह्यले? मी अठी बोलून राह्यले.

…शेषराव? बाबा, यंत्र कवा बंद केलं तू?

काय म्हणते? — तवाच? सोड्याचा वास तवाच आला होता तुले? वकील शिव्या देऊन राह्यला तवा? अन् तरी रोज येऊन माझ्या हातचा चहा…

भगवानराव, तुमी काऊन डोळे पुसून राह्यले? उठा. मोटरीचं सोडा आता. समोरच्या दारानं जा, रुखमाबाईनं धापा टाकत पोहे भिजवून ठेवले आहेत तुमच्यासाठी, सकाळपासून. — त्याच भोकातून दिसलं. जा म्हटलं ना. मले जराक एकटं बसू द्या.

दार लोटून घ्या.