शांतवनरावांचा मोजा

मंडळी, एक सांगा बरं — दुसऱ्याचे पाय धुणं अवघड, की आपला पाय दुसऱ्याच्या हाती देणं? काय म्हणता मावशी, धुणं? बरं, बघू! पुढच्या बाकावरचे आपल्या चर्चचे पंच तर आत्ताच माना डोलवायला लागले. अहो थांबा, आख्यान सुरू तर होऊ द्या!

तर नगर जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये होते शांतवनराव भिंगारदिवे. निवृत्त हेडमास्तर, ज्येष्ठ पंच. ते प्रार्थनेला उभे राहिले की घरोघरी चुलीवरचा रस्सा आटून करपायचा! त्यांनी काढली सेवायात्रा. कुठे? सातपुड्यात, वर डोंगरात, भिलांच्या पाड्यावर. कशाला? लोकांचे पाय धुवायला! प्रभूने शिष्यांचे धुतले, तसे. प्रभूजवळ काय होतं? कमरेला एक रुमाल. यांच्याजवळ? नव्या कोऱ्या पराती, चर्चचं नाव छापलेले टॉवेल, फोटोवाला आणि बॅनर! बॅनरवर फोटो मात्र पायांचा नाही — शांतवनरावांच्या तोंडाचा!

एक गोष्ट तेवढी बॅनरवर नव्हती. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम. माणूस शुगरचा, जखम चिघळलेली. बायकोलाही दाखवली नाही. का? कळलं तर घरी बसवतील, आणि पुढारपण जाईल दुसऱ्या पंचांकडे! पाय गेला तरी चालेल, पुढारपण जाता कामा नये. चढवला मोजा, आवळला बूट, निघाली स्वारी!

रस्ता संपला तिथे जीप थांबली. पुढे नुसती चढण. पावलागणिक अंगठा ठणकतोय, आणि शांतवनराव दात आवळून गीत म्हणताहेत. मागच्यांना वाटलं — वा! काय हा आत्म्याचा आवेश!

पाड्यावर पहिलंच घर जामनीबाईचं. म्हातारी तांब्या घेऊन दारात आली.

"ये. पाय धू."

'ये'? हेडमास्तरांना अरेतुरे? कान लाल झाले. का हो, देवाला आपण काय 'अहो' म्हणतो?

"बाई, उलटं आहे," शांतवनराव म्हणाले. "आम्ही तुमचे पाय धुणार."

"माझे? कशाला?"

"सेवा म्हणून."

"घर माझं, पाणी माझं, पाहुणा तू. अन् पाय माझे धुणार? मग मी काय तुझ्या गावाला जाऊन बसू?"

अख्खा पाडा खदाखदा हसला!

"बूट काढ. बस ओट्यावर."

"नको, नको! बूट राहू द्या."

"पाय न धुता उभा राहतोस? भांडायला आलास का?"

झालं! हे बूट काढेनात, पाड्यातलं कुणी पाय देईना. पराती कोरड्या ठणठणीत. ऊन तापलेलं, शांतवनरावांच्या अंगात ताप चढलेला. फोटोवाला कानाशी कुजबुजतो, "सर, एक तरी पाय मिळवा हो!" आणि शांतवनराव मनात म्हणतात, प्रभू, एक पाय दे. एकच! फोटोपुरता!

काय ती प्रार्थना! पण प्रभूने ऐकली हो. दिला पाय — त्यांचाच! हेडमास्तर उभ्याउभ्या कोसळले.

जामनीबाईने बूट ओढून काढला. मोजा जखमेला चिकटलेला. शांतवनराव ओरडले, "नको! माझा पाय नको!" प्रभूच्या शिष्यांतही एकजण 'माझे पाय धुवायचे नाहीत' म्हणून असाच अडून बसला होता, आठवतो ना?

"गप रे," म्हातारी म्हणाली. कोमट पाणी ओतत ओतत तिने मोजा भिजवला, बोटाबोटाने सोडवला. असा वास सुटला, की सेवेला आलेली सगळी फौज मागे सरली! फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, तर बाईने तो ओला मोजा त्याच्याच अंगावर फेकला. मग शांतवनरावांकडे बघून हळूच म्हणाली, "इतकं सडेस्तोवर कुणाला सांगितलं नाहीस? तुझं कुणीच नाही का रे?"

घरी बायको, चर्चभर 'बंधू, बंधू' — आणि जखम ठाऊक एका मोज्याला! तो पांढऱ्या केसांचा माणूस लेकरासारखा हमसून रडला.

धरा सूर —
*धुवावया आला, धुतला तो गेला,*
*ताठा गळूनिया पाण्यासवे नेला!*

पाड्यातल्या माणसांनी बांबूला झोळी बांधली, शांतवनरावांना खांद्यावर घेतलं आणि डोंगर उतरले. अनवाणी. झोळीतून त्यांना दिसत होते ते नुसते पाय — भेगाळलेले, धुळीने माखलेले, दगडावर ठेचाळत त्यांच्यासाठी चाललेले. दवाखान्यात अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

पुढे चर्चमध्ये यात्रेची साक्ष द्यायला काठी टेकत उभे राहिले. चिटणीसांनी विचारलं, "सांगा, किती जणांचे पाय धुतले?"

"एकाचाही नाही," शांतवनराव म्हणाले. "धुतला तो माझा. सडका पाय लपवून मी तुमचं पुढारपण करत होतो. बायको पुढे बसलीय, तिची माफी मागतो."

चिटणीसांनी झटकन माईक ओढला. "यात्रा यशस्वी झाली! आमेन! गीत घ्या!"

हसा, हसा! आता तुमचंच सांगते. पवित्र गुरुवारी इथे पाय धुण्याचा विधी असतो. निवडलेली माणसं घरूनच साबणाने टाचा घासून, वर पावडर मारून येतात! मग पाळकसाहेबांनी धुवायचं काय — पावडर?

या खेपेला मळके या. फुटलेली टाच, दुखरा अंगठा, घरच्यांपासून लपवलंय ते घेऊन या.

कोण कोण येणार? हात वर करा बघू.

... का हो? आत्ता तर हसत होता!